सात वाड्यांची चौकशी

मुलाचं घर बघितल्याशिवाय आमच्याकडे मुलगी देत नाहीत. मग ते घर चिपळूणला असो नाहीतर जर्मनीत. उन्हाळाभर मी हे आमच्या सायलीला मराठीत सांगत होतो आणि ती मला इंग्रजीत उत्तर देत होती.

सायली दुबईजवळच्या अजमानात वाढली. पहाटे बस पकडून दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेत गेली, शिकली आणि अल ऐनच्या बाजूला वाळवंटातल्या एका डेअरीत दूध तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली. वाळवंटात डेअरी म्हटलं की आमच्या गावाकडचे लोक हसतात, पण आहे खरी. तिथं गायींची दूध काढायची मशिनं बसवायला जर्मनीहून एक पोरगा आला, योनास नावाचा. मशिनं बसली, पोरगा परत गेला आणि आमच्या घरात वादळ आलं.

मी नाही म्हणायचं ठरवूनच निघालो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पण उगाच नाही म्हणायचं नव्हतं. नीट बघून, चार ठिकाणी विचारून, खोट काढून मग नाही म्हणायचं. अबू धाबीजवळच्या मुसफ्फात मी एका फॅब्रिकेशन वर्कशॉपला सुपरवायझर आहे. आठवडाभर कंपनीच्या रूमवर राहायचं आणि दुसऱ्याच्या वेल्डिंगमधली खोट काढायची, हाच माझा धंदा. खोट नाही असं काम मी अजून पाहिलेलं नाही.

सायली म्हणाली, "फाइन, बाबा. गो अँड सी. इफ यू से नो, आय वोन्ट मॅरी हिम."

मी खूश झालो. तेवढ्यात म्हणते, "बट आय वोन्ट मॅरी एनीवन एल्स आयदर."

आईवर गेलीय. घ्या, म्हणजे माझ्या एका 'नाही'वर पोरीचा अख्खा जन्म टांगलेला. मी म्हटलं ठीक आहे, पण तू यायचं नाहीस. घर बघायला मुलगी जात नसते, बाप जातो.

ग्रामपंचायत एक, वाड्या सात

विमान, दोन रेल्वे आणि शेवटची ती एकुलती एक बस, हे सगळं सोडून देतो. त्यात सांगण्यासारखं एवढंच की बसमध्ये मला धरून तीन माणसं होती आणि ड्रायव्हरने तिघांनाही गुड मॉर्निंग म्हटलं.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिकडच्या लोकांना आवडणार नाही, ते का, ते पुढे कळेलच. पण रचना सांगतो, कारण ती ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे जशी ग्रामपंचायत एक आणि वाड्या अनेक, अगदी तस्संच! डोंगराच्या कुशीत एक वरची वाडी, ओढ्याकाठी खालची वाडी, पलीकडे गिरणीची वाडी, अशा एकूण सात. पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारने त्यांची एक पंचायत केली म्हणे, आणि तेव्हापासून त्या एकमेकींवर रुसून बसल्यात. वरच्या वाडीचं म्हणणं, खालची माणसं चिकट. खालच्या वाडीचं म्हणणं, वरच्यांना चर्चच्या उंच मनोऱ्याचा माज. गिरणीच्या वाडीशी तर कुठल्यातरी फुटबॉल मॅचवरून बोलणंच बंद. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी सफरचंदाची झाडं. ऑक्टोबर होता, खाली सडा पडलेला. काही झाडांच्या बुंध्याला पिवळी फीत बांधलेली. ज्या झाडाला फीत, त्याची फळं कुणीही येणाऱ्या-जाणाऱ्याने तोडावीत, अशी त्यांच्याकडे पद्धत आहे. आमच्याकडे दुसऱ्याच्या आंब्याकडे नुसतं वर बघितलं तरी आतून शिवी येते. मी एक सफरचंद तोडलं आणि आधी मागे वळून बघितलं, कोणी आलं नाही. फळ आंबटगोड होतं.

योनासचं घर वरच्या वाडीत, म्हणून मी उतरलो खालच्या वाडीत. सोयरीक जुळायच्या आधी त्या घरी राहायचं नाही, जेवायचं नाही, फार तर चहा घ्यायचा, ही आमची रीत. खालच्या वाडीत एकच खानावळ होती, वर भाड्याच्या चार खोल्या. मालक व्होल्फगांग म्हणून एक आडमाप माणूस. तोच त्या वाडीचा प्रमुखही होता, हे मला नंतर कळलं.

खोलीत बॅग उघडली आणि मोज्यांमध्ये गुंडाळलेलं काहीतरी हाताला टणक लागलं. काढून बघतो तर नारळ! लगेच अजमानला फोन लावला.

"सुनंदा, हे काय आहे?"

"अहो, असू दे. लागला तर."

"लागणार नाहीये."

"मग परत आणा, मी चटणी करीन," आमची ही म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ठरलं की मुलाच्या घरी नारळ द्यायचा, हीसुद्धा आमची रीत. एवढ्या लांबून विमानातून नारळ पाठवते आणि वर म्हणते चटणी करीन. मी तो कपाटात अगदी मागे ढकलून ठेवला.

बिनदुधाचा चहा

संध्याकाळी योनास न्यायला आला. पोरगा ताडमाड, कान लाल. हात जोडून "नमस्कार काका" म्हणाला. सायलीने शिकवलेलं, दुसरं काय. मी मान हलवली.

घर जुनं, लाकडी आडव्या-तिडव्या पट्ट्यांच्या मध्ये पांढऱ्या भिंती. दारावरच्या तुळईत ज्यांनी घर बांधलं त्या नवरा-बायकोची नावं कोरलेली. दाराशी बाकडं, समोर गोठा, गोठ्यात साठेक गायी आणि अंगणातच शेणाचा ढीग, व्यवस्थित चौकोनी रचलेला. ढीग बघून मला खोट सापडल्याचा आनंद झाला, पण वास घेतला तर तो आमच्या लहानपणीच्या उकिरड्याचाच. उलट जरा बरं वाटलं.

योनासची आई रेनाटे. माझ्याच वयाची, आखूड केस, हात माझ्यापेक्षा राकट. इंग्रजी सावकाश बोलायची, एकेक शब्द निवडून. मी म्हणालो, आमच्यात ठरेपर्यंत जेवत नाहीत. योनासने जर्मनमध्ये सांगितलं. तिने ऐकलं आणि तरी टेबल मांडलंच. पाव, चीज, उभी चिरलेली काकडी, बरणीतलं लोणचं. सगळं थंड! गॅस पेटवलाच नाही. पाहुणा पाच हजार किलोमीटरवरून आलाय आणि रात्रीचं जेवण थंड. आमच्या गावात असं केलं असतं तर तीन पिढ्या बोलले असते. मागाहून कळलं, रोजच संध्याकाळी असंच थंड जेवतात, पाहुण्याचा अपमान वगैरे काही नसतो. पण तेव्हा मी मनात एक नंबरची खोट लिहून ठेवली.

चहा घेतला तर तो पुदिन्याचा, बिनदुधाचा. गोठ्यात साठ गायी आणि चहात दुधाचा थेंब नाही! दोन नंबर.

रेनाटे समोर बसून माझ्याकडे बघत होती. मीही बघत होतो. योनास दोघांकडे बघून पाव खात होता. कोणी काही विचारलं नाही. आमचे वडील सांगायचे, मुलाच्या घरी काही विचारू नये, त्याच्या गावातही विचारू नये, सगळे गोडच बोलतात. ओढा ओलांडून पलीकडच्या वाडीत विचारावं, तिथं खरं कळतं. माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं अशीच ठरली आणि दोघी सुखात आहेत.

ओढ्यापलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कसून निघालो. योनास म्हणाला, काका मी गाडीने फिरवतो. म्हटलं, नको, मला चालायला आवडतं. मला चालायला अजिबात आवडत नाही. माझे गुडघे मुसफ्फाच्या उन्हात राबून निकामी झालेत. पण काम ते काम.

भाषेची सोय फोनवर होती. मी मराठीत बोलायचं आणि फोनमधली बाई खणखणीत जर्मनमध्ये ते सांगायची. फीतवाल्या झाडाखाली एक बाई सफरचंदं गोळा करत होती, तिला पहिला प्रश्न टाकला. वरच्या वाडीतली रेनाटे, माणसं कशी आहेत? बाई म्हणाली, कष्टाळू. जमीन किती? बाईने टोपली खाली ठेवली. स्वतःची किती, खंडाने किती? डोक्यावर कर्ज आहे का? घरात काही आजारपण? बाई म्हणाली, आज ऊन छान पडलंय.

गिरणीच्या वाडीत एक म्हातारबुवा कुंपणाला खांब ठोकत होते. त्यांनी वरच्या वाडीबद्दल पोटभर सांगितलं, आळशी, गर्विष्ठ, गातातसुद्धा बेसूर. मी सरसावलो. म्हटलं, आणि रेनाटेचा घरधनी? त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, रात्री पाऊस येईल. पुढे पशुखाद्याच्या दुकानात एका पोराला विचारलं. तोही घरधन्यापर्यंत येऊन आभाळाकडे बघायला लागला. मला वाटलं, नवरा वारला असेल आणि इकडे मेलेल्या माणसाबद्दल बोलत नसतील. नाहीतर मग पावसाचं वेड असेल.

येता-जाता फोटो काढत होतो, सुनंदाला पाठवायला. गोठा, शेताची हद्द, ट्रॅक्टर, वरच्या टेकाडावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. दोन दिवसांत चार वाड्या झाल्या. दुपारी गिरणीच्या वाडीतल्या बेकरीत कॉफी आणि मनुकांचा केक खाल्ला, साडेचार युरो. म्हणजे एकोणीस दिरहम, म्हणजे साडेचारशे रुपये, असं मी मोठ्याने बोलून गेलो आणि बेकरीतली माणसं बोलायची थांबली. केक मात्र असा होता की मी आणखी एक मागितला.

हात दाखवून अवलक्षण

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीला व्होल्फगांगने माझ्यासमोर उकडलेलं अंडं ठेवलं आणि तिथंच उभा राहिला. हाताची घडी.

"तुम्ही कोणत्या कंपनीचे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

मी आपलं खरं सांगितलं. फॅब्रिकेशन, मुसफ्फा.

"ते दुबईत?"

"नाही, अबू धाबीत."

त्याचा चेहरा आणखी कडक झाला. खुर्ची ओढून समोर बसला. मग हळूहळू उलगडा झाला. टेकाडावर आणखी पवनचक्क्या उभारायच्या म्हणून मागे कोणी माणसं येऊन गुपचूप जमिनींची चौकशी करून गेली होती, आणि त्यावरून वाड्यांची डोकी फिरली होती. आता हा मी. आखातातून आलेला, हद्दींचे फोटो काढणारा, जमीन किती आणि कर्ज किती विचारणारा, केक खाता खाता आकडे मोजणारा! सातही वाड्यांत बातमी पसरली होती की अरबांचा माणूस रेनाटेची जमीन घ्यायला आलाय. गिरणीच्या वाडीने वरच्या वाडीला फोन केला होता. इतक्या वर्षांत पहिला, असं व्होल्फगांग म्हणाला.

अरे देवा! मी उठून उभाच राहिलो. "नो नो, खलास! नो जमीन! माय डॉटर. हर सन. मॅरेज!"

व्होल्फगांग म्हणाला, "मग तुम्ही रेनाटेलाच का नाही विचारलं?"

"तिला विचारलं तर ती खरं कशाला सांगेल?"

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. बाहेर जाऊन त्याने फोन लावला. मी अंड्याकडे बघत बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीने विश्वासाने पाठवलं आणि मी तिच्या होणाऱ्या सासूची सात वाड्यांत शोभा केली होती. माझी मान खाली गेली ती काही केल्या वर येईना.

तिची पाळी

रेनाटे गोठ्यातूनच आली असावी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट तसेच. दारात उभी राहून एकच शब्द म्हणाली, "कम."

गेलो. काय करणार? तिने गाडीत घालून सगळं दाखवलं. ही जमीन माझी. ही खंडाची. गोठ्याच्या छपराचं कर्ज, एवढं राहिलंय. माझं कंबरेचं हाड दुखतं, कदाचित ऑपरेशन. तिचा प्रत्येक शब्द दगडासारखा येत होता. शेवटी टेकाडावर गाडी थांबवली. म्हणाली, नवरा मेला नाही. योनास शाळेत असताना घर सोडून गेला, दुसऱ्या बाईबरोबर. बावीस किलोमीटरवर राहतो. गायी मी सांभाळल्या आणि योनासला मी वाढवलं. आणखी काही विचारायचंय?

खोट म्हणतात ती ही. शेणाचा ढीग नाही, थंड पाव नाही, ही खरी खोट, जी घेऊन मी ताठ मानेने अजमानला परत जाऊ शकत होतो. बाप टाकून गेलेलं घर! माझ्या बहिणींच्या वेळी वडील एवढं ऐकून तिथूनच मागे फिरले असते.

पण माझ्या डोक्यात ते आभाळ फिरत होतं. सफरचंदवाली, कुंपणवाले बुवा, दुकानातलं पोरगं. एकमेकांच्या गाण्यालाही नावं ठेवणारी माणसं, आणि ही एवढी गोष्ट एकानेही परक्याच्या कानावर घातली नाही. ओढ्यापलीकडे खरं कळतं म्हणतात. मला कळलं होतं, फक्त ते कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. जिच्यासाठी भांडखोर वाड्या तोंडाला कुलूप लावतात, त्या बाईत मी कसली खोट काढणार? घरोघरी मातीच्या चुली.

मी म्हणालो, "सॉरी." आणि खरंच मनापासून म्हणालो.

रेनाटेने मान हलवली. मग म्हणाली, "चांगलं. आता माझी पाळी. मी तुमच्याबद्दल कुणाला विचारू?"

कुणाला? गावचं घर बंद, चुलते-भाऊ सगळे पुण्या-मुंबईला. अजमानच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारातलं कुटुंब दर दोन वर्षांनी बदलतं, आताच्यांचं नावही मला माहीत नाही. वर्कशॉपची पोरं माझ्या हाताखालची, ती कशाला खरं बोलतील? अर्धं आयुष्य एका देशात काढलं आणि हा माणूस असा आहे म्हणून सांगणारी ओढ्यापलीकडची एक वाडी माझ्याकडे नव्हती. फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला गाव सोडतानाही वाटलं नव्हतं.

मग एकदम आठवला हमीदभाई. आमच्या बिल्डिंगखाली त्याचं किराणा दुकान, बकाला म्हणतात तिकडे. मूळचा मलबारचा, आमच्याइतकाच जुना. दर शनिवारी घरी जाताना मी त्याच्याकडून नारळ घेतो आणि दर शनिवारी आमचं भांडण होतं. चांगलं कशाला बोलेल? पण दुसरं कोणी नव्हतं. नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन तिच्या हातात दिला.

रेनाटेने आपलं नाव सांगितलं. पलीकडून आधी घाबरलेला आवाज, "मॅडम, ॲक्सिडेंट? पोलीस?"

"नाही. यांची मुलगी, माझा मुलगा. मला जाणून घ्यायचंय, माणूस कसा आहे?"

"अच्छा, जर्मन मॅडम! वन मिनिट, कस्टमर." गल्ल्याचा आवाज आला. मग हमीदभाई सुरू झाला, जणू वर्षानुवर्षं कोणी विचारायचीच वाट बघत होता. "मॅडम, ही इज हेडेक. कोकोनट बाइंग. टेन पीस शेकिंग, शेकिंग, कान को लगाइंग. लास्ट में फर्स्ट वाला ही टेकिंग! एव्हरी सॅटरडे! मैं बोलता, हबीबी, फर्स्ट वाला लेके जाव, मेरा टाइम बचाव. नो. ही मस्ट चेक."

रेनाटेने माझ्याकडे बघितलं. मी पवनचक्क्यांकडे बघितलं.

"बट मॅडम," त्याचा आवाज जरा खाली आला, "माय ब्रदर एक्स्पायर हुआ इधर. बॉडी घर भेजने का. सब ऑफिस, हॉस्पिटल, एअरपोर्ट, धिस मॅन विथ मी. ड्यूटी छोड के. मैं नहीं बुलाया, खुद आया. भाई नहीं करता इतना."

हे सांगायची काही गरज नव्हती. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी खिडकीची काच खाली केली.

"अँड गर्ल?" रेनाटेने विचारलं.

"सायली? माय डॉटर ओन्ली! युवर बॉय का फोटो लास्ट इयर मेरे को दिखाया. मैं बोला, बेटा, पापा को बताव. वो बोली, अंकल, बाबा दस नारियल हिलाएँगे, फिर पहला वाला ही लेंगे. इन्शाल्ला."

म्हणजे अख्ख्या बकाल्याला माहीत होतं! फक्त मला सोडून. आणि पोरगी मला ओळखून होती, माझ्याआधी, माझ्यापेक्षा नीट.

रेनाटेने फोन परत दिला. "हे नारळ हलवणं म्हणजे काय?"

"खानावळीत चला," मी म्हणालो.

कपाटाच्या मागून नारळ काढला, खाली येऊन दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. व्होल्फगांग गल्ल्यावरून बघत होता. रेनाटेने तो उलटसुलट केला, कानाला लावला आणि हलवला. आत पाणी वाजलं. तिने भुवया उंचावून विचारलं, "गुड?"

"गुड."

"आणखी दहा बघायचे?"

"नको," मी म्हटलं. "पहिलाच."

संध्याकाळी त्या घरी जेवायला बसलो. योनासचे कान पुन्हा लाल होते, आणि नारळ टेबलाच्या मधोमध, चीजच्या शेजारी. जेवता जेवता सायलीला फोन लावला. म्हटलं, दहा हलवले. म्हटलं, पहिलाच घेतला. आता ही इंग्रजीत काहीतरी ऐकवणार म्हणून मी वाट बघत राहिलो.

"बाबा," ती म्हणाली, "जेवलात का?"

"जेवतोय गं," मी म्हणालो. "थंड आहे, पण जेवतोय."